रोझ क्वार्ट्झ : गुणधर्म, पारख आणि सजावटीतील उपयोग – खान्देशातील ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोझ क्वार्ट्झ म्हणजे नेमका कोणता दगड?

रोझ क्वार्ट्झ ही क्वार्ट्झ या खनिजाची गुलाबी जात आहे. रासायनिकदृष्ट्या तो सिलिकॉन डायऑक्साइड असून नदीतील वाळूचे कण, शेतात सापडणारी गारगोटी, अकीक आणि जांभळा ॲमेथिस्ट ही सारी मंडळी त्याच कुळातील आहेत. ओरखड्याला टिकण्याची क्षमता १ ते १० आकड्यांत सांगणाऱ्या मोह्स मापक्रमावर त्याची कठिनता ७, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतील जडपणा) सुमारे २.६५ आणि अपवर्तनांक (आत शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप) १.५४४ ते १.५५३ इतका असतो. त्याची चमक काचेसारखी असते आणि तो बहुधा पूर्ण पारदर्शक नसून किंचित दुधाळ, म्हणजे उजेड आत घेणारा पण पलीकडचे न दाखवणारा असतो.

हे आकडे पाठ करण्याची गरज नाही, परंतु त्यांतील दोन गोष्टी खरेदीच्या वेळी उपयोगी पडतात. कठिनता ७ असल्यामुळे साध्या चाकूच्या पात्याने त्यावर ओरखडा उठत नाही, उलट तोच काचेवर ओरखडा उठवतो. दुसरे असे की या खनिजाला पाटन नाही. म्हणजे ठरावीक सपाट पातळीवर त्याचे पापुद्रे सुटत नाहीत. आदळल्यावर तो फुटतो तेव्हा तुटलेल्या भागावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे गोलसर वळसे दिसतात. कोणता गुलाबी दगड अंगावर घालायचा आणि कोणता कपाटात ठेवायचा, याचा निर्णय रंगावर नव्हे तर या दोन गुणांवर व्हायला हवा, आणि पुढील बहुतेक उत्तरांत तीच कसोटी वापरली आहे.

त्याला गुलाबी रंग कशामुळे येतो?

पुष्कळ वर्षे या रंगाचे श्रेय टायटॅनियम किंवा मँगनीजच्या अंशाला दिले जात होते, आणि अनेक दुकानांतील माहितीपत्रके आजही तेच सांगतात. दगडात टायटॅनियमचा अंश खरोखरच असतो, त्यामुळे हे स्पष्टीकरण सहज पटण्याजोगे होते. २००१ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी मात्र वेगळा पुरावा मांडला. त्यांनी निरनिराळ्या देशांतील रोझ क्वार्ट्झचे नमुने हायड्रोफ्लुओरिक या क्वार्ट्झलाही विरघळवणाऱ्या खास आम्लाने विरघळवले, तेव्हा क्वार्ट्झ नाहीसा झाला आणि तळाशी अतिसूक्ष्म तंतूंचा गुलाबी पुंजका उरला. हे तंतू डुमॉर्टिएराइट या खनिजाशी जवळचे नाते असलेल्या पदार्थाचे असून त्यांची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. थोडक्यात, क्वार्ट्झ स्वतः रंगहीनच असतो आणि गुलाबी असतात ते त्याच्या पोटातील तंतू. दगड दुधाळ दिसतो तोही बव्हंशी त्यांच्यामुळेच, म्हणून गडद गुलाबी आणि तरीही काचेसारखा नितळ असा मोठा मणी कोणी दाखवल्यास आधी शंका घ्यावी.

येथे एक अपवाद नोंदवला पाहिजे. नेहमीचा रोझ क्वार्ट्झ ओबडधोबड गोळ्यांच्या रूपात मिळतो, त्याला सुटे पैलूदार स्फटिक नसतात. परंतु ब्राझीलमधील मिनास जेराइस राज्यातील सापुकाया खाणीत १९५९ साली गुलाबी क्वार्ट्झचे खरेखुरे टोकदार स्फटिक आढळले. त्यांच्या रंगाचे कारण तंतू नसून ॲल्युमिनियम आणि फॉस्फरस यांच्याशी निगडित, किरणोत्सारामुळे निर्माण झालेली रंगकेंद्रे (स्फटिकरचनेतील रंग देणारे सूक्ष्म दोष) हे आहे, आणि हा रंग उजेडाने फिका पडू शकतो. ते नमुने संग्राहकांसाठी असतात आणि दागिन्यांत क्वचितच येतात.

जळगाव जिल्ह्यातील दगडखाणींत मिळणारे गुलाबी स्फटिक म्हणजे हाच दगड का?

नाही. खान्देशात हा गैरसमज सर्वाधिक आढळतो, म्हणून याचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे.

आपल्या पायाखालचा काळा खडक बेसाल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, ते थंड होताना आतल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या, आणि नंतरच्या काळात गरम, क्षारयुक्त पाणी झिरपून त्या पोकळ्यांच्या भिंतींवर खनिजे वाढली. विहीर खणताना किंवा खडीसाठी सुरुंग लावल्यावर एखादी पोकळी उघडी पडते आणि आत लखलखणारे स्फटिक दिसतात, ते याच प्रक्रियेतून आलेले असतात. त्यांतील पीचच्या फळाच्या रंगाचे किंवा फिकट गुलाबी स्फटिक बहुधा स्टिल्बाइट अथवा ह्युलँडाइट या झिओलाइट गटातील खनिजांचे असतात, आणि त्यांच्या सोबतीला हिरवट किंवा रंगहीन ॲपोफिलाइट असतो. स्टिल्बाइटचा जुडगा ओळखणे सोपे आहे : ज्वारीच्या पेंढीसारखा तो मध्ये आवळलेला आणि दोन्ही टोकांना पसरलेला दिसतो, आणि त्याच्या सपाट अंगावर मोत्यासारखी झाक असते.

सावदा परिसरासह जळगाव जिल्ह्यातून निघालेले असे नमुने जगभरातील संग्रहालयांत आहेत, आणि अमेरिकेतील टूसॉन येथे दर हिवाळ्यात भरणाऱ्या खनिजमेळ्यात भारतीय झिओलाइटची विक्री ही नेहमीची बाब आहे. आपल्याकडे मात्र यांतील कितीतरी माल खडीत भरडला जातो, याचे वाईट वाटते. हे स्फटिक नीट मांडलेले पाहायचे असतील तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय फार दूर नाही.

तरीही स्टिल्बाइटची अंगठी करू नये. त्याची कठिनता ३.५ ते ४ इतकीच असून त्याला एका दिशेने पूर्ण पाटन आहे, शिवाय त्याच्या घडणीत पाणी असते आणि तापवल्यावर ते निघून जाते. साध्या चाकूने त्यावर रेघ ओढता येते. तो काचेच्या कपाटात, कापसाच्या किंवा मेणाच्या बैठकीवर शोभतो. रोझ क्वार्ट्झ मात्र मनगटावर रोज वागवता येतो.

मग रोझ क्वार्ट्झ येतो कुठून? खान्देशात तो मुळीच सापडत नाही का?

रोझ क्वार्ट्झ तयार होतो तो पेग्मटाइट नावाच्या खडकात, म्हणजे ग्रॅनाइटी रस थंड होताना अगदी शेवटी गोठलेल्या भरड कणांच्या शिरांमध्ये, आणि तेथेही बहुधा शिरेच्या गाभ्यात. तापीचे खोरे आणि त्याभोवतीचे डोंगर लाव्ह्याच्या खडकाने व्यापलेले असल्यामुळे येथे त्याची अपेक्षाच ठेवू नये. तापीच्या पात्रात गुलाबीसर गोटा मिळालाच, तर तो लोहाच्या अंशाने रंगलेला कॅल्सेडनी (क्वार्ट्झचाच अतिसूक्ष्म कणांचा प्रकार) असण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे. बाजारातील माल प्रामुख्याने मादागास्कर आणि ब्राझील येथून येतो. नामिबिया, मोझांबिक आणि भारतातील राजस्थान, ओडिशा व आंध्र प्रदेश येथेही तो मिळतो. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्याने १९६६ साली त्याला राज्य-खनिजाचा दर्जा दिला.

काही गोळ्यांत दिसणारा सहा किरणांचा तारा खरा असतो का, की तो कोरलेला असतो?

तो खरा असतो. वर सांगितलेले तंतू क्वार्ट्झच्या स्फटिकरचनेला धरून तीन दिशांनी रांगेत बसलेले असतील, तर प्रकाश त्यांवरून विखुरला जाऊन सहा किरण दिसतात. माणिक आणि नीलम यांच्या ताऱ्यात प्रकाश समोरून पडावा लागतो. रोझ क्वार्ट्झमध्ये तारा मागून आलेल्या उजेडात अधिक ठळक दिसतो. खोली अंधारी करून मोबाईलचा टॉर्च गोळ्याच्या मागे धरावा आणि गोळा हळूहळू फिरवावा. एका ठरावीक बाजूला बारीक, दुधी रेषा एका बिंदूत मिळतात, आणि गोळा थोडा वळवला की बिंदू पृष्ठभागावरून सरकू लागतो. हे सरकणेच अस्सलपणाची खूण आहे, कारण कोरलेला किंवा छापलेला तारा जागचा हलत नाही. लॉकेटसाठी असा दगड घ्यायचा असेल तर तो घुमटाकार घासलेला असावा आणि तारा बरोबर माथ्यावर यावा, आणि त्यासाठी कारागिराने घुमटाचा तळ स्फटिकाच्या मुख्य अक्षाशी काटकोनात कापलेला असणे आवश्यक असते.

खरा रोझ क्वार्ट्झ घरच्या घरी कसा ओळखावा?

बाजारात त्याच्या नावाने प्रामुख्याने तीन पदार्थ विकले जातात : गुलाबी काच, रंगवलेला रंगहीन क्वार्ट्झ आणि रंगवलेला संगमरवर अथवा कॅल्साइट (संगमरवर ज्याचा बनलेला असतो ते मऊ खनिज). ‘चेरी क्वार्ट्झ’ या नावाने मिळणारा चकचकीत गुलाबी-लाल माल तर बहुतांशी काचच असतो.

आधी भिंगाने पाहावे. काचेत गोल बुडबुडे आणि रंगाचे वाहते वळसे दिसतात. नैसर्गिक दगडात बुडबुड्यांऐवजी बारीक चिरा आणि ढगाळपणा असतो. रंगवलेल्या दगडात रंग चिरांमध्ये साचतो, त्यामुळे चिरा आजूबाजूच्या भागापेक्षा गडद दिसतात आणि मण्याच्या भोकाच्या कडेलाही गडद कडे उमटते. नखपॉलिश काढण्याच्या ॲसिटोनमध्ये कापसाचा बोळा बुडवून भोकाजवळ फिरवल्यास स्वस्त रंग बोळ्यावर उतरतो, मात्र ही परीक्षा विक्रेत्याच्या परवानगीनेच करावी. हाताला गारवा लागणे ही खूणही खरी आहे, कारण क्वार्ट्झ काचेपेक्षा उष्णता लवकर ओढून घेतो. परंतु मे महिन्यात भुसावळच्या दुकानात सारेच दगड कोमट असतात, त्यामुळे या एकाच खुणेवर विसंबू नये.

सर्वांत भरवशाची घरगुती परीक्षा विशिष्ट गुरुत्वाची आहे, आणि तिला एक दशांश स्थान दाखवणारा स्वयंपाकघरातील डिजिटल काटा पुरतो. प्रथम कोरडा दगड तोलावा. नंतर पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा, दगड दोऱ्याला बांधून पेल्याच्या तळाला किंवा काठाला न टेकवता पूर्ण बुडवावा आणि काट्यावर वाढलेला आकडा टिपावा. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. ५३ ग्रॅमचा दगड बुडवल्यावर काटा २० ग्रॅम दाखवत असेल तर उत्तर २.६५ येते आणि दगड क्वार्ट्झ असण्यास पुष्टी मिळते. तेवढ्याच वजनाच्या साध्या काचेला काटा सुमारे २१ दाखवील. दोन-चार ग्रॅमच्या मण्यावर ही परीक्षा फसते, कारण काट्याची चूकच मोठी ठरते. तसेच कॅल्साइटचे विशिष्ट गुरुत्व २.७१ म्हणजे अगदी जवळचे असल्यामुळे तो या चाळणीतून निसटतो. त्यासाठी न दिसणाऱ्या जागी चाकूचे टोक लावून पाहावे : कॅल्साइटवर पांढरी रेघ उमटते, क्वार्ट्झवर पोलादाची करडी खूण राहते आणि ती बोटाने पुसली जाते.

महागड्या वस्तूसाठी मात्र रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घ्यावे. साध्या ब्रेसलेटसाठी प्रमाणपत्राचा खर्च करणे मला शहाणपणाचे वाटत नाही, कारण तो कित्येकदा दगडाच्या किमतीहून अधिक भरतो.

दागिन्यांसाठी तो कितपत योग्य आहे? इतर गुलाबी रत्नांशी त्याची तुलना कशी करावी?

माळ, ब्रेसलेट, डूल आणि लॉकेट यांसाठी तो उत्तम आहे. अंगठीसाठी चालतो, परंतु रोज भांडी घासणाऱ्या किंवा शेतात राबणाऱ्या हातात अंगठीचा दगड काही वर्षांत कडेने झिजतो. अशा वेळी दगड कोंदणात थोडा खोल बसवून घ्यावा आणि कडा धातूने पूर्ण झाकलेल्या असाव्यात. माळ गाठवून घेताना दोन मण्यांच्या मध्ये गाठ मारण्यास पटवेकऱ्याला आवर्जून सांगावे, कारण मणी एकमेकांवर घासून भोकांच्या कडा धारदार होतात आणि त्या दोरा कापतात.

गुलाबी नीलम (कठिनता ९) आणि मॉर्गनाइट (७.५ ते ८) हे दोन्ही अधिक टिकाऊ आहेत, पण किमतीचा मामला निराळा. कुंझाइट दिसायला देखणा असला तरी त्याला पाटन आहे आणि तीव्र उजेडात त्याचा रंग उतरतो. काळ्या रेषांचा गुलाबी ऱ्होडोनाइट ५.५ ते ६.५ कठिनतेचा असून कोरीव कामाला फार चांगला. रशियात सेंट पीटर्सबर्ग येथील पीटर आणि पॉल कॅथेड्रलमध्ये सम्राज्ञी मारिया अलेक्झांड्रोव्हना यांची समाधिशिला त्याच दगडाची आहे. गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांचा ऱ्होडोक्रोसाइट मँगनीजचा कार्बोनेट आहे, कठिनता ३.५ ते ४, आणि आम्लाने तो खराब होतो. तो अर्जेंटिनाचा राष्ट्रीय दगड मानला जातो.

घराच्या सजावटीत त्याचा उपयोग कसा करावा?

या दगडाचे खरे सौंदर्य मागून येणाऱ्या उजेडात आहे, आणि सजावटकार हे पुष्कळदा विसरतात. समोरच्या पांढऱ्या दिव्यात तो फिका आणि थोडा मळकट दिसतो, तर मागे पिवळसर एलईडी ठेवल्यास तंतूंवर विखुरलेला प्रकाश सबंध दगडभर पसरतो. म्हणून दिव्याचे कवच, खिडकीच्या चौकटीतील पातळ फरशी किंवा मागे प्रकाशपट्टी लावलेला छोटा फलक यांसाठी तो शोभून दिसतो. हॅलोजनचा तापणारा दिवा वापरू नये, कारण असमान तापण्याने जुन्या चिरा वाढतात. सैंधवाच्या दिव्याशी त्याची गल्लत करू नये. सैंधव हे मीठ असल्यामुळे पावसाळ्यात ओलावते आणि टेबलावर पाणी सोडते; रोझ क्वार्ट्झला दमट हवेने काहीही होत नाही.

गोळे, अंडाकृती आणि कोरीव मूर्ती यांत आकारापेक्षा चिरांकडे लक्ष द्यावे. १० सेंटिमीटर व्यासाचा गोळा सुमारे १.४ किलो भरतो, त्यामुळे त्याला खोलगट, जड आणि लहान मुलांच्या हाताबाहेरची बैठक हवी. टेबलाचे मोठे पृष्ठभाग विकत घेताना ते अखंड दगडाचे आहेत असे समजू नये. ते सहसा तुकडे रेझिनने जोडून केलेले असतात; दगडाला गरम भांड्याने चट्टा पडत नाही, पण रेझिनला पडतो, आणि थेट उन्हात ते कालांतराने पिवळटही होते.

शिवलिंग किंवा गणपतीची मूर्ती रोझ क्वार्ट्झची असेल तर अभिषेक करावा का?

दूध, दही, मध, लिंबू किंवा आंब्याचा रस यांपैकी कशाचाही क्वार्ट्झवर रासायनिक परिणाम होत नाही. अडचण निर्माण होते ती चिरांमुळे. केसाएवढ्या चिरेत हळदीचे पाणी किंवा तेल एकदा शिरले की ते धुऊन निघत नाही, आणि गुलाबी दगडात पिवळी नागमोडी रेघ कायमची दिसत राहते. मूर्तीची सोंड, कान आणि बैठकीची कोर अशा पातळ जागी ती आधी उमटते. त्यामुळे प्रथम साध्या पाण्याचा अभिषेक करून दगड ओला ठेवावा, हळद-कुंकू बैठकीवर किंवा ताम्हणात वाहावे आणि पूजा होताच मूर्ती कोमट पाण्याने धुऊन पुसावी. भेगा मेणाने किंवा तेलाने लपवलेली मूर्ती पहिल्याच धुण्यात उघडी पडते.

खान्देशातील उन्हाने त्याचा रंग उडेल का?

नेहमीच्या गोळाबंद रोझ क्वार्ट्झचा रंग उजेडात बऱ्यापैकी टिकतो, कारण तो तंतूंचा आहे. तरीही काही नमुने दीर्घकाळच्या थेट उन्हात फिके पडल्याचे सांगितले जाते, आणि रंगवलेला माल तर हमखास उतरतो. पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात गच्चीवर किंवा पश्चिमेच्या खिडकीत तो ठेवण्याचे कारणच नाही. तापलेला दगड एकदम माठातल्या पाण्याने धुणे हे उन्हापेक्षाही अधिक घातक आहे.

धूळ कशी काढावी?

कोरड्या फडक्याने पुसू नये. घरातील धुळीत क्वार्ट्झचेच बारीक कण असतात, म्हणजे आपण दगडाला त्याच्याच कठिनतेच्या चूर्णाने घासत असतो, आणि स्टिल्बाइटसारख्या मऊ खनिजावर तर ती कानसच ठरते. रोझ क्वार्ट्झ वाहत्या कोमट पाण्याखाली, सौम्य साबणाने आणि दात घासण्याच्या मऊ ब्रशने धुवावा. चिरा असलेला दगड अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या कंपनाने दागिने साफ करणाऱ्या) यंत्रात घालू नये. फरशी साफ करण्याचे आम्ल क्वार्ट्झला विशेष काही करणार नाही, पण धातूच्या कोंदणाचे आणि झिओलाइटचे नक्कीच नुकसान करील.

हे राशीचे रत्न आहे का? त्याने आजार बरे होतात का?

नवरत्नांत माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद आणि लसण्या यांची गणना होते. रोझ क्वार्ट्झचा त्यांत समावेश नाही. आजार बरे होण्याच्या दाव्यांना वैद्यकीय आधार नाही. क्वार्ट्झ दाबल्यावर विद्युतभार निर्माण होतो हे १८८० साली क्यूरी बंधूंनी दाखवून दिले आणि मनगटी घड्याळे त्यावर चालतात हेही खरे. परंतु घड्याळात असतो तो प्रयोगशाळेत वाढवलेल्या शुद्ध स्फटिकाचा नेमका कापलेला तुकडा, आणि त्याचा गळ्यातील माळेच्या गुणाशी काही संबंध नाही. दगड आवडला म्हणून घ्यावा.

कच्चा दगड आणून घरी घासून घेता येईल का?

हिऱ्याच्या कणांची चाके, पाण्याची धार आणि शेवटच्या चकाकीसाठी सेरियम ऑक्साइड असेल तर येते. कोरडे घासणे मात्र कटाक्षाने टाळावे. क्वार्ट्झची बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास सिलिकोसिस होतो आणि त्यावर बरा करणारा उपाय नाही. खंबातच्या अकीक कारागिरांनी ही किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली आहे. साधा रुमाल बांधणे हे संरक्षण नव्हे. थोड्या मण्यांसाठी हा खटाटोप करण्यापेक्षा जयपूर किंवा खंबात येथील घडवलेला माल घेणे बरे.

बसवलेल्या दगडाचा दागिना सोनाराकडे दुरुस्तीला देताना कोणती काळजी घ्यावी?

कोंदणाची किंवा कडीची झाळ करण्यापूर्वी दगड काढून ठेवण्यास सांगावे, आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे. ५७३ अंश सेल्सिअसला क्वार्ट्झची अंतर्गत रचना बदलते आणि आकारमानही एकदम बदलते. सोनाराच्या ज्योतीत हे तापमान सहज ओलांडले जाते, त्यामुळे दगड तडकतो आणि त्याआधीच रंगही फिका पडू शकतो. दगड काढणे शक्य नसेल, तर लेझरने जोडकाम करणाऱ्या कारागिराकडे जावे. लेझरची उष्णता टाचणीच्या टोकाएवढ्या जागेतच राहते. देण्यापूर्वी दगडाचा जवळून फोटो काढावा आणि असलेल्या चिरा दोघांनी मिळून पाहाव्यात, म्हणजे परत घेताना नवी चीर कोणती यावर वाद होत नाही.